किमो आणि रेडिएशन चालू असताना काढे, चूर्णं, रस: काय चालतं, किती, आणि कशाशी जमत नाही

खलबत्ता

कॅन्सरचं निदान झालं की आठवड्याभरात घरात पुड्या जमायला लागतात. गुळवेल, गव्हांकुर, लक्ष्मीतरूची पानं, हळदीच्या कॅप्सूल, वर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जर्दाळूच्या बियांची कृती. देणारा मनापासून देतो, घेणारा आशेने घेतो आणि किमो देणाऱ्या डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून हा धागा. एकेका वस्तूबद्दल नेमकं लिहू या: कशासाठी, किती, कुठल्या औषधाबरोबर नको.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वनस्पती घ्यायची ती उपचाराचा त्रास सोसवावा म्हणून, गाठ विरघळावी म्हणून नाही. मळमळ, तोंड येणं, थकवा, बद्धकोष्ठ यांपैकी त्रास कोणता ते ठरवा. मग त्या एका त्रासासाठी एकच वस्तू, ठरलेल्या दिवसांपुरती. 'प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून घेतलेल्या काढ्याला ना मोजमाप असतं ना थांबायची तारीख, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात 281 रुग्ण असे होते की ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता, पण त्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले. रूढ उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर साडेपाचपटींहून जास्त, कारण वेळेवर ऑपरेशन झालं तर तो पुष्कळदा पूर्ण बरा होतो. दुसऱ्या अभ्यासातल्या लोकांनी रूढ उपचार सुरू केले होते आणि जोडीला पूरकही घेत होते. त्यांचाही धोका दुप्पट होता. कारण तपासलं तर जोडीच्या उपचारांपेक्षा हे महत्त्वाचं निघालं की या मंडळींनी ऑपरेशन, किमो, रेडिएशन, हार्मोनच्या गोळ्या यांपैकी पुढचा एखादा टप्पा जास्त वेळा नाकारला होता. जोडीला काही घेत असाल तर ठरलेला एकही टप्पा सुटता कामा नये, ही पहिली अट.

वॉर्डसिस्टर

सुरुवात सुंठीपासून करते, कारण पुरावा आणि घरातली सोय दोन्ही तिथे आहेत.

अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाचशेहून जास्त रुग्ण होते. आल्याचा अर्क किमोच्या तीन दिवस आधी सुरू करून एकूण सहा दिवस दिला. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याच्या तोडीची मात्रा सर्वांत उपयोगी ठरली आणि दीड ग्रॅमने त्याहून जास्त फायदा झाला नाही. उतार पडला तो किमोच्या पहिल्या दिवसाच्या मळमळीला. महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांना ऑन्डानसेट्रॉनसारखं उलटीवरचं नेहमीचं औषध चालूच होतं, सुंठ त्याच्या जोडीला होती. दिल्लीच्या एम्समध्येही हाडांच्या कॅन्सरच्या मुलांमध्ये आल्याच्या पुडीचा उपयोग दिसला आहे.

घरी मोजायचं झालं तर सपाट भरलेला एक चहाचा चमचा म्हणजे साधारण 2 ग्रॅम सुंठपूड. म्हणजे दिवसाला अर्धा ग्रॅम हवी असेल तर पाव चमचा, तीही सकाळ-संध्याकाळ विभागून, काहीतरी खाल्ल्यावर. रिकाम्या पोटी घेतली की जळजळ होते, मग लोक म्हणतात सुंठ बाधली. लोक चुकतात ते सुरू करण्याच्या दिवसात. सलाईन लागल्यावर, उलटी सुरू झाल्यावर सुंठ चाटवून फारसं काही होत नाही.

प्लेटलेट 50 हजारांच्या खाली असतील, किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुंठ औषध म्हणून घेऊ नका. आमटीतल्या आल्याला हरकत नाही.

निळासावळा

उपयुक्त धागा. तोंडाच्या कॅन्सरसाठी लाईट (रेडिएशन) चालू असताना तोंड येतं त्यावर मध आणि हळदीच्या गुळण्या सांगतात. त्याला काही आधार आहे का? आणि मानेच्या कातडीला कोरफड लावावी का?

पथ्यपाणी

निळासावळा, मधाला आधार आहे. मलेशियातल्या 2003 च्या छोट्या चाचणीत (40 रुग्ण) पद्धत अशी होती: लाईट घ्यायच्या 15 मिनिटं आधी 20 मिलि मध, नंतर 15 मिनिटांनी पुन्हा 20 मिलि आणि सहा तासांनी तिसऱ्यांदा. तोंडभर फिरवायचा आणि सावकाश गिळायचा. पुढे अशाच आणखी चाचण्या झाल्या आणि तोंडाच्या जखमांवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये 2020 साली डोकं-मानेच्या रेडिएशनसाठी मध सुचवला गेला.

आता अडचणी. एक: तीन वेळचा मिळून 60 मिलि मध म्हणजे जवळपास 70 ग्रॅम साखर. मधुमेह असेल तर हे परस्पर सुरू करायचंच नाही. दोन: लाईटमुळे लाळ आटते, मग मधाची साखर दातांना चिकटून राहते आणि दात भराभर किडतात. म्हणून मध गिळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मीठ-सोड्याच्या पाण्याने खळखळून चूळ. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. हे पाणी रोज ताजं करायचं. सोडा म्हणजे बेकिंग सोडा, बेकिंग पावडर नाही आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नाही. तीन: पांढऱ्या पेशी फार खाली असतील तर पोळ्यातून थेट पिळलेला मध नको.

हळदीच्या गुळण्यांवर मंगळूरला 80 रुग्णांवर अभ्यास झाला, 2014 साली प्रसिद्ध झाला. पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्यांपेक्षा हळदीच्या गटात तोंड उशिरा आणि कमी आलं. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते, तेव्हा प्रत्येक घोटाला ढवळायला हवी. सुट्या हळदीत रंगाची भेसळ असते, म्हणून अ‍ॅगमार्क असलेली घ्या. तिखट, लिंबू, तुरटी, लवंग तेल यांतलं काही त्यात घालू नका. उघड्या जखमेवर त्याने आग होते आणि रुग्ण दोन दिवस जेवत नाही.

वॉर्डसिस्टर

कातडीबद्दल: कोरफडीवर बऱ्याच चाचण्या झाल्या, ठाम फायदा दिसला नाही. कॅलेंड्युलाच्या मलमाचा दिसला. फ्रान्समध्ये 2004 साली स्तनाच्या कॅन्सरच्या 254 रुग्णांत तुलना झाली तेव्हा कातडी बऱ्यापैकी सोलवटण्याचं प्रमाण कॅलेंड्युलाच्या गटात 41 टक्के आणि नेहमीच्या मलमाच्या गटात 63 टक्के होतं. लाईटला जायच्या तोंडावर कुठलंही मलम जाड थापायचं नाही, कारण जाड थरामुळे कातडीवरचा डोस वाढतो. लाईट घेऊन आल्यावर पातळ लावायचं. आणि लाईट कुठे द्यायची त्यासाठी कातडीवर केलेल्या मार्किंगच्या खुणा पुसल्या जाणार नाहीत इतपत जपून.

सह्यवेल

सिस्टर, एक भर घालतो. कॅलेंड्युला म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे. झेंडू हा टॅगेटिस, वेगळी प्रजाती. झेंडूच्या पाकळ्या तेलात उकळून लावायची कृती फिरते आहे. तिला या चाचणीचा काहीही आधार नाही आणि झेंडूच्या रसाने भाजलेली कातडी आणखी चिडते.

डोस

हळदीच्या गोळ्यांचं गणित एकदा मांडतो, म्हणजे स्वयंपाकातली हळद आणि औषधातली हळद यांतलं अंतर लक्षात येईल.

हळदपुडीत करक्युमिन साधारण 3 टक्के. एक चमचा (3 ग्रॅम) हळदीतून मिळालं सुमारे 90 मिलिग्रॅम. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 8 ग्रॅम करक्युमिन दिलं होतं, म्हणजे दिवसाला पाव किलोहून जास्त हळद! तरीही रक्तात ते जेमतेम पोचलं आणि वीस-पंचवीस रुग्णांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला. दुधात चमचाभर हळद घालून गाठ जाईल ही अपेक्षा मुळातच टिकत नाही.

ते शोषलं जावं म्हणून कंपन्या मिरीतलं पायपरिन घालतात. बंगळूरच्या 1998 च्या प्रयोगात 2 ग्रॅम करक्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण वीसपट झालं. हे 20 मिलिग्रॅम येतं आठ-दहा मिरीदाण्यांतून. पायपरिन हे करतं कसं? यकृत आणि आतडी ज्या विकरांनी (एन्झाइम) परक्या द्रव्यांचा निचरा करतात, तीच विकरं ते अडवतं. आणि ती अडली की फक्त हळदच नाही, इतर औषधंही रक्तात साचतात. जम्मूच्या संशोधन संस्थेने याचाच उपयोग करून क्षयाची गोळी बनवली: 10 मिलिग्रॅम पायपरिन घातल्यावर रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम पुरलं. इतक्याशा मिरीच्या अर्काने एखाद्या औषधाची मात्रा निम्म्याखाली आणता येत असेल, तर किमोच्या औषधाचं काय होईल ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही. किमोची मात्रा आधीच सहनशक्तीच्या काठावर ठरवलेली असते.

उलटही होतं. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) घेणाऱ्या स्त्रियांना करक्युमिन आणि पायपरिन दिल्यावर एन्डॉक्सिफेन, म्हणजे टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणारं खरं कामाचं द्रव्य, सुमारे 12 टक्के घटलं. ज्यांच्यात ते आधीच कमी बनतं त्यांना ही घट परवडणारी नाही.

भाजीतली हळद, साराला घातलेली मिरी बिनधास्त खा. 'पायपरिनयुक्त' असं छापलेली कॅप्सूल उपचार चालू असताना नको.

रसशाळा

डोस यांच्याशी सहमत. आयुर्वेदात पिंपळीला योगवाही (सोबतच्या औषधाचा गुण वाढवणारी) म्हटलंय ते याच गुणामुळे, आणि सुंठ-मिरी-पिंपळी हे त्रिकटू शेकडो कल्पांत असतं. 'साधं चूर्ण आहे' म्हणून त्रिकटूयुक्त औषध यादीतून वगळू नये.

काढ्याबद्दल दोन शब्द. शास्त्रोक्त क्वाथ म्हणजे भरड औषधाच्या सोळापट पाणी घालून मंद आचेवर आठवा हिस्सा उरवणे. 10 ग्रॅम भरडीला 160 मिलि पाणी, उरतं 20 मिलि. घरी लोक मूठभर भरड तांब्याभर पाण्यात टाकतात, कधी अर्धं आटवतात, कधी चौथा हिस्सा. रोजची तीव्रता वेगळी. तोच काढा फ्रिजमध्ये तीन दिवस पुरवतात, तो आंबतो. काढा त्या त्या दिवशीचाच, भरड कोरडी आणि बुरशीचा वास नसलेली. पावसाळ्यात ओलसर झालेली भरड फेकून द्यावी, वाळवून वापरू नये. बुरशीचं विष वाळवल्याने किंवा उकळण्याने जात नाही.

बऱ्याच तयार काढ्यांत ज्येष्ठमध असतं. त्यातल्या ग्लायसिरायझिनने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध घेणाऱ्यांचं पोटॅशियम-मॅग्नेशियम आधीच लघवीवाटे जात असतं, आणि प्रोस्टेटसाठी अ‍ॅबिरॅटेरोन चालू असेल तर त्या गोळीचेही तेच दुष्परिणाम. दोन्ही एकत्र आले की पायात गोळे, धडधड, प्रसंगी हृदयाचे ठोके चुकणं. अशांनी खोकल्याला ज्येष्ठमधाची कांडी सतत चघळू नये.

रसौषधी आणि भस्मांबद्दल माझं मत कडक आहे. पारा, सोमल (आर्सेनिक), शिसं असलेले कल्प किमोच्या काळात नकोत. सिस्प्लॅटिन, मेथोट्रेक्सेट ही किमोची औषधं मूत्रपिंडावर ताण देतात. मेथोट्रेक्सेटचा तर निचराच तिथून होतो, निचरा मंदावला की ते अंगात विषासारखं साठतं. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 साली प्रसिद्ध झाली, त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा सोमल सापडलं होतं. 'शास्त्रोक्त शोधन केलंय' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा.

बिब्ब्याचं तेल, बचनाग, कुचला ही द्रव्यं औषधकायद्याच्या ई-1 परिशिष्टात आहेत. त्यांच्या बाटलीवर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापावाच लागतो. इशारा नसलेली, परवाना क्रमांक नसलेली पुडी 'बिब्ब्याचा कॅन्सरवरचा प्रयोग' म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. बिब्ब्याने तोंडापासून गुदापर्यंत फोड येतात. आणि 1954 च्या जादुई उपचार कायद्याच्या यादीत कॅन्सरचं नाव आहे, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. जाहिरात पाहिली की तिथेच पारखा.

सह्यवेल

आता सदाफुली. 'सदाफुलीपासून किमोचं औषध बनतं, मग पानंच खाऊ' हा तर्क सगळीकडे ऐकू येतो. औषध बनतं हे खरंच आहे. व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन्ही याच झाडाची, 1950 च्या दशकाच्या शेवटी कॅनडा आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत सापडली. पण पानांत व्हिनक्रिस्टिन इतकं अत्यल्प असतं की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळली पानं लागतात. रुग्णाला ते शरीराच्या क्षेत्रफळाच्या चौरस मीटरला 1.4 मिलिग्रॅम, एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर नाही, असं फक्त शिरेतून देतात. पानांत याखेरीज शंभरावर अल्कलॉइड आहेत, काही साखर उतरवणारी, काही रक्तदाब. पानं खाऊन उपचार होत नाही, उलट्या आणि चक्कर मात्र येते.

दुसरं उदाहरण सह्याद्रीतलंच. कोयनेपासून सावंतवाडीपर्यंतच्या जंगलात नरक्या नावाचं दुर्गंधी लाकडाचं झाड आहे. त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळतं, म्हणून त्याची चोरटी तोड होऊन ते बऱ्याच ठिकाणांहून नाहीसं झालं. हेच मूळ द्रव्य 1970 च्या सुमारास रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा लघवीवाटे रक्त आणि जीवघेणे जुलाब झाले, चाचण्या थांबवल्या. रेणूत बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन तयार झाली तेव्हा कुठे ते वापरण्याजोगं झालं. नरक्याची साल उकळून पिणं म्हणजे ती सोडून दिलेली चाचणी स्वतःवर पुन्हा करणं.

लक्ष्मीतरू (सिमारूबा) मूळचा मध्य अमेरिकेतला, तेलबियांसाठी भारतात आणलेला. त्यातली कडू द्रव्यं प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरपेशी मारतात, पण बशीत ब्लीचही मारतं. माणसातला फायदा कुठल्या चाचणीत दिसलेला नाही. लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा तर टाळाच. त्यातलं अ‍ॅनोनासिन चेतापेशींना मारक असून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर या झाडाची फळं आणि पानांचा चहा नेमाने घेणाऱ्यांत कंपवातासारखा, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार आढळला आहे. ज्यांना पॅक्लिटॅक्सेल किंवा व्हिनक्रिस्टिन या किमोच्या औषधांनी आधीच हातापायांना मुंग्या आहेत त्यांना हा दुहेरी मार.

जर्दाळूच्या कडू बियांतलं अमिग्डालिन पोटात गेल्यावर सायनाइड सोडतं. 'बी-17' हे नाव विक्रीसाठी दिलेलं, ते जीवनसत्त्व नाही. अमेरिकेत 178 रुग्णांवर रीतसर चाचणी होऊन 1982 साली निकाल लागला: गाठ कमी झाली नाही, काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं.

निळासावळा

गुळवेलीबद्दल कुणीच लिहिलं नाही. ती तर सगळ्यांकडे असते.

डोस

गुळवेलीबद्दल लिहायचंच होतं. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 साली सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांना कावीळ झाली होती आणि यकृताच्या तुकड्यात ऑटोइम्यून पद्धतीचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्यासारखा) दाह दिसला. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांतून असेच 43 रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वेल ओळखण्यात चूक झाली असावी. तो मुद्दा सह्यवेल सांगतील, पण वेल अगदी खरी असली तरी कॅन्सरच्या रुग्णाचा प्रश्न वेगळाच आहे.

किमोच्या दर फेरीआधी रक्तातलं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं विकर) बघतात. ते सामान्य मर्यादेच्या तिप्पट-पाचपट गेलं, म्हणजे 40 ऐवजी 120 ते 200, की पुढची फेरी थांबते किंवा मात्रा कमी होते. काढ्याने वाढलेलं एसजीपीटी किमोच्या खात्यावर जातं आणि चांगलं काम करणारं औषध नाहक बदललं जातं. निव्होल्युमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) चालू असेल तर आणखी पंचाईत. ही औषधं स्वतःच ऑटोइम्यून यकृतदाह करू शकतात, जोडीला गुळवेल असेल तर दोष कुणाचा हे बायॉप्सीतूनही कळेना. अशा वेळी चढ्या मात्रेत स्टिरॉइड द्यावं लागतं. इम्युनोथेरपी किंवा बोनमॅरो प्रत्यारोपण असेल तर गुळवेल आणि अश्वगंधा दोन्ही बंद, असंच मी सांगेन. अश्वगंधेनेही कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत आणि ती थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढवू शकते.

ग्रीन टीच्या गोळ्यांचंही तेच. त्यातलं ईजीसीजी दिवसाला 800 मिलिग्रॅम गेलं की यकृताची विकरं वाढलेली दिसतात. शिवाय मायलोमासाठी (रक्तपेशींचा एक कॅन्सर) बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर ईजीसीजी त्या रेणूला थेट चिकटून त्याला निकामी करतं, हे प्रयोगशाळेत आणि उंदरांत सिद्ध झालंय. त्यांनी ग्रीन टी कपातूनही घेऊ नये.

सह्यवेल

ओळख अशी: खरी गुळवेल (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) हिरवट खोडाची, खोडावर ठळक गाठी नाहीत, कापल्यावर दुधाळ चीक नाही, फळं लाल आणि गोल. तिच्याशी गफलत होणारी टिनोस्पोरा क्रिस्पा करड्या खोडाची, खोडभर टेंगळं, दुधाळ चीक, फळं नारिंगी आणि लांबट. वाळलेल्या तुकड्यांच्या पाकिटात किंवा सत्त्वात हा फरक डोळ्यांनी कळणं अशक्य. त्यामुळे बाजारातल्या चूर्णाची खात्री कुणी देऊ शकत नाही.

वॉर्डसिस्टर

गुळवेलीचा आणखी एक धोका, आणि हा मला सर्वांत मोठा वाटतो. ताप आला की गुळवेलीचा काढा, ही आपली जुनी सवय. किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी 1800 आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 30 टक्के असतील तर 1800 चे 30 टक्के म्हणजे 540. हजाराच्या खाली सावध राहायचं, 500 च्या खाली धोका मोठा. या दिवसांत 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस ताप दिसला की काढा नाही, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणं नाही, रात्री दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल. पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं. घरात थर्मामीटर हवाच, हात लावून ताप बघू नये.

याच दिवसांत कच्चे रस नकोत. गव्हांकुराच्या रसावर इस्रायलमध्ये छोटा अभ्यास झाला (रोज 60 मिलि, स्तनाचा कॅन्सर), रक्तपेशी कमी घसरल्यासारखं दिसलं. पण अभ्यास लहान होता. आपल्याकडे ट्रेमधल्या मातीत वाढवलेले अंकुर मिक्सरमधून काढून गाळून देतात. मातीतले जंतू आणि बुरशी धुऊन जात नाहीत आणि उकळलं तर रसात काही उरत नाही. पपईच्या पानांचा रस, कच्ची तुळस, घरची कांजी यांनाही हेच लागू. पेशी वर आल्यावर बघू.

दूरदेशी

इकडे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडी भर. सेंट जॉन्स वर्ट इथे कुठल्याही दुकानात मिळतं, मन उदास असेल तर लोक परस्पर घेतात. ते पायपरिनच्या अगदी उलट वागतं, निचऱ्याची विकरं वाढवतं. इरिनोटेकॅनचं प्रभावी रूप रक्तात 42 टक्क्यांनी घटलं, इमॅटिनिब ही रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी 30 टक्क्यांनी. बंद केल्यावरही परिणाम दोनेक आठवडे राहतो. ग्रेपफ्रूटचं उलट, त्याने इमॅटिनिबसारख्या गोळ्या रक्तात वाढतात. आपल्या पपनसातही तीच द्रव्यं असतात, तेव्हा भारतातल्यांनीही जपावं. संत्रं-मोसंबी चालतं.

थकव्यासाठी अमेरिकन जिन्सेंग रोज 2 ग्रॅम, आठ आठवडे, याला चाचणीचा आधार आहे. अश्वगंधेला 'इंडियन जिन्सेंग' म्हणतात म्हणून तोच पुरावा तिला चिकटवू नका, झाडं अगदी वेगळी. कुठलीही वनस्पती तपासायची तर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचा 'अबाउट हर्ब्ज' हा मोफत विभाग बघा. अश्वगंधा, गुळवेल, हळद सगळं आहे.

निळासावळा

कॅपेसिटाबीन या किमोच्या गोळ्या चालू असताना पोट साफ व्हायला त्रिफळा चालेल का? आणि तळहात-तळपाय सोलतात त्यावर मेंदी?

डोस

कॅपेसिटाबीनने जुलाब होऊ शकतात. त्यात त्रिफळा किंवा सोनामुखी घातली तर चार-सहा जुलाबांत पाणी आटून भरती व्हावं लागतं. इरिनोटेकॅनबरोबर तर मुळीच नाही. बद्धकोष्ठ खरंच असेल तर ते कशामुळे ते बघा. मॉर्फिनमुळे असेल तर इसबगोल नको. मॉर्फिन आतड्याची हालचालच मंद करतं, त्यात कमी पाण्याबरोबर गेलेला इसबगोल फुगून तिथेच घट्ट बसतो. व्हिनक्रिस्टिनचंही तसंच. तिथे डॉक्टर बहुधा सेनाच्याच गोळ्या देतात, म्हणजे सोनामुखीच, पण मोजलेल्या मात्रेची. इसबगोल ज्यांना चालतो त्यांनी मोठा पेला पाण्याबरोबर आणि इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवून घ्यावा.

मेंदीवर तुर्कस्तानातल्या मोजक्या रुग्णांची नोंद आहे, चाचणी नाही. लावायचीच तर नुसती पानं वाटून, सोललेल्या जागी नाही. काळ्या मेंदीतल्या रसायनाने कातडी भाजते. पण त्याहून भक्कम उपाय आता आहे: एम्समधल्या 2024 च्या चाचणीत डायक्लोफेनॅकच्या 1 टक्के जेलने हा त्रास 15 टक्क्यांवरून 3.8 टक्क्यांवर आला. पहिल्या फेरीपासून लावायला डॉक्टरांना विचारा.

खलबत्ता

सगळ्यांचे आभार. फाईलमध्ये काय लिहायचं ते विचारलं जातं म्हणून देतो. प्रत्येक वस्तूचं नाव, घटक, बनवणारा, बॅच क्रमांक, मात्रा, सुरू केल्याची तारीख, कोणत्या त्रासासाठी. वैद्यांनी सुटी पुडी दिली असेल तर घटक त्यांच्याच हाताने लिहून घ्या. घटक सांगायला नकार असेल तर ती पुडी नको. बाटल्यांचे फोटो मोबाइलवर ठेवून ओपीडीत दाखवा. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि पुढची सुरू करण्याआधी निदान एक रक्ततपासणी होऊ द्या, म्हणजे काही बिघडलं तर कशाने ते सापडतं.

ऑपरेशनची तारीख मिळाली की आलं-लसूण-हळदीच्या गोळ्या, अश्वगंधा, जिन्सेंग दोन आठवडे आधी बंद आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगायचं. कावीळ, पुरळ, रक्तस्राव असं काही झालं तर उरलेलं औषध फेकू नका, बाटलीसकट डॉक्टरांकडे न्या. दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते, 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर.